मन मोकळे करू या

(ताप आला, की आपण दवाखान्यात जातो. पाय मुरगळला, तर घरभर सांगतो. मन आजारी पडले, तर मात्र आपण ते लपवतो. असे का होते? लपवल्याने काय नुकसान होते आणि बोलल्याने काय साधते? शिरूर येथील एका शिक्षकाने आपल्या वर्गातील अनुभव सांगून या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शिरूर हे पुणे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. घोड नदीच्या काठी वसलेले, म्हणून जुनी माणसे त्याला घोडनदी असेही म्हणतात. तेथील एका उर्दू शाळेत मी नववीला मराठी शिकवत होतो.

जून महिन्यात वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचे वडील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले होते, म्हणून ते कुटुंब दौंडहून शिरूरला राहायला आले होते. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणालो, "तुझ्या गावाबद्दल काही सांग."

तो उभा राहिला आणि उत्साहाने बोलू लागला.

"सर, आमचे दौंड म्हणजे मोठे जंक्शन. पुणे, सोलापूर आणि मनमाड अशा तिन्ही बाजूंचे रूळ तेथे मिळतात. माझे नाना रेल्वेत होते. तेव्हा पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे. गाडी बराच वेळ उभी राहायची. नवे प्रवासी घाबरून विचारायचे, 'गाडी बंद पडली काय?' नाना हसून म्हणायचे, 'बंद नाही पडली. दिशा बदलते आहे. जरा धीर धरा.'"

सारा वर्ग खूश झाला. त्या दिवसापासून तो सर्वांचा मित्र बनला.

ऑगस्टमध्ये त्याचे नाना वारले. तो आठवडाभर दौंडला जाऊन आला. परत आला तो मुलगा मात्र वेगळाच होता. तो शेवटच्या बाकावर बसू लागला. डबा न उघडताच घरी नेऊ लागला. रात्री त्याला झोप लागत नसे आणि पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटत. मैदानावर जाणे त्याने बंद केले. चाचणी परीक्षेत त्याने जवळजवळ कोरा पेपर दिला. आम्हांला वाटले, आजोबा गेल्याचे दुःख आहे. हळूहळू कमी होईल. पण महिना उलटला, तरी दुःख कमी होईना.

एके दिवशी वर्गातला एक खोडकर मुलगा मोठ्याने म्हणाला, "अरे, याला येरवड्याला पाठवा!" सगळे हसले. तो नवा मुलगा मान खाली घालून बसला. मी फळ्यावर लिहीत होतो. माझ्या कानावर ते शब्द आले, पण मी ऐकले न ऐकल्यासारखे केले. ही माझी चूक होती.

मुलांनो, शिरूरहून पुण्याला जाणारी एस.टी. नगर रस्त्याने जाते. पुणे शहरात शिरताना येरवडा लागते. तेथे इंग्रजांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात त्या गावाचे नावच चेष्टेचा शब्द होऊन बसले आहे. खरे पाहता रुग्णालय म्हणजे बरे होण्याची जागा. "याला ससूनला पाठवा," असे म्हणून कोणी कोणाला हिणवत नाही. मग येरवड्याचे नाव घेऊनच का हिणवावे?

सप्टेंबरच्या शेवटी तो मुलगा शाळेत येईनासा झाला. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या अम्मी दारातच म्हणाल्या, "बुखार आहे, सर." त्याचे अब्बा मला कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला आले. तेथे ते हळूच म्हणाले, "सर, तुमच्याशी खोटे कशाला बोलू? ताप नाही. तो रात्र रात्र जागा असतो. कधी रडतो. कोणाशी बोलत नाही. लोकांना काय सांगणार? म्हणून ताप सांगतो."

मी म्हणालो, "पुण्याला सरकारी रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत. त्यांना दाखवा."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "सर, एकदा त्या डॉक्टरकडे नेले, की मोहल्ल्यात बोभाटा होईल. पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का बसेल."

मी त्यांना एक दूरध्वनी क्रमांक लिहून दिला आणि घरी आलो. पण त्यांचे शब्द काही मनातून जाईनात. त्या मुलाला आजारापेक्षा शिक्क्याचीच भीती जास्त होती. आणि तो शिक्का मारणारे हात माझ्याच वर्गात होते.

१० ऑक्टोबर उजाडला. १९९२ सालापासून हा दिवस जगभर 'जागतिक मानसिक आरोग्य दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले आणि मुलांना विचारले, "आतापर्यंत कोणाकोणाला ताप आला आहे?" सगळे हात वर झाले. "कोणाचे हाड मोडले होते?" चार-पाच हात वर झाले. प्रत्येकाला आपली हकिकत सांगायची होती. मग मी विचारले, "कोणाचे मन आजारी पडले होते?"

एकही हात वर झाला नाही. कोणी तरी खुदकन हसले.

तेव्हा मी माझाच हात वर केला. मी म्हणालो, "मुलांनो, मी बी.एड. करत असताना माझे मन आजारी पडले होते. सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नसे. पुस्तक उघडले, की अक्षरे दिसत; पण अर्थ लागत नसे. मला वाटे, मी आळशी आहे, नालायक आहे. एका मित्राने मला डॉक्टरांकडे नेले. काही महिने औषध घेतले, डॉक्टरांशी बोललो आणि बरा झालो. आज तुमच्यासमोर उभा आहे. ही गोष्ट मी आजवर कोणत्याही वर्गात सांगितली नव्हती. मला लाज वाटत होती."

वर्गात शांतता पसरली. थोड्या वेळाने मागच्या बाजूने एक हात हळूहळू वर आला. तो हात येरवड्याचे नाव घेऊन हसवणाऱ्या त्या खोडकर मुलाचा होता.

तो म्हणाला, "सर, माझ्या भाईजानला असा आजार आहे. तो घरीच असतो. पाहुणे आले, की आम्ही त्याला आतल्या खोलीत बसवतो. विचारले, तर सांगतो, तो मुंबईला आहे." एवढे बोलून तो रडू लागला. शेजारच्या मुलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या वेळी कोणीही हसले नाही.

मी सर्वांना सांगितले, "याने आपल्यावर विश्वास ठेवला आहे. हे बोलणे वर्गाबाहेर जाता कामा नये." सर्वांनी मान डोलावली. त्यानंतर मुलांनी मला अनेक प्रश्न विचारले.

एका मुलीने विचारले, "सर, दुःख होणे म्हणजेच आजार का?"

मी म्हणालो, "नाही. जवळचे माणूस गेले, गुण कमी पडले, भांडण झाले, तर दुःख होणारच. ते दिवसागणिक कमी होत जाते. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन दिवसभर उदास राहिले, झोप आणि भूक बिघडली, आवडत्या गोष्टींत रस राहिला नाही, अभ्यासात लक्ष लागेना, तर मोठ्या माणसांना सांगून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. असे आजार अनेक कारणांनी होतात. मेंदूच्या कामात बिघाड होतो, काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो, काही वेळा मोठा धक्का किंवा सततचा ताण कारणीभूत होतो. मन आजारी पडले, म्हणजे माणूस दुबळा आहे असे नव्हे. आणि हा कोणा भुताखेताचा खेळही नव्हे."

दुसऱ्याने विचारले, "आमच्या वयातही असे होते का?"

"होते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झाले. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने ते केले. त्यात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ७ टक्के जणांना मनाचा काही ना काही आजार असल्याचे दिसून आले. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन किंवा चार."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. आपल्या वर्गात ते तीन-चार कोण असतील, हा प्रश्न प्रत्येकाच्या डोळ्यांत होता.

एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे म्हणतात, अशा वेळी दुवा करावी."

"जरूर करावी," मी म्हणालो. "दुवेने मनाला धीर येतो. पण दुवेबरोबर दवाही हवी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी बल्ख प्रांतात अबू झैद अल-बल्खी नावाचे थोर विद्वान होऊन गेले. बल्ख आज अफगाणिस्तानात आहे. त्यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर अरबी भाषेत ग्रंथ लिहिला. शरीराप्रमाणे मनही आजारी पडते आणि त्याचीही काळजी घ्यावी लागते, असे त्यांनी त्यात मांडले. इतक्या जुन्या काळी जे विद्वानांना कळले, ते आपण अजून लपवत बसायचे का?"

"पण सर, बोलून काय होते?" त्या खोडकर मुलाने डोळे पुसत विचारले.

तेव्हा मी त्यांना डॉ. जगन्नाथ वाणी यांची हकिकत सांगितली. वाणी हे मराठी गृहस्थ कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा मनाचा गंभीर आजार होता. अशा आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नाही नाही त्या शंका येतात. पुष्कळ घरे असे दुःख झाकून ठेवतात. वाणींनी ते झाकले नाही. अशाच इतर कुटुंबांना आधार मिळावा, म्हणून १९९७ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था सुरू झाली. ज्यांच्या घरी हा आजार आहे, अशी माणसे तेथे एकत्र येऊन आपले अनुभव एकमेकांना सांगू लागली. आपण एकटे नाही, हे त्यांना कळले.

पुढे या प्रयत्नांतूनच 'देवराई' हा मराठी चित्रपट निघाला. तो २००४ साली प्रदर्शित झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणाची भूमिका केली. ज्या आजाराचे नाव घ्यायला लोक घाबरत, तो आजार हजारो लोकांनी पडद्यावर पाहिला. याच दिग्दर्शकांच्या 'कासव' या चित्रपटात नैराश्याने ग्रासलेल्या एका तरुणाची कथा आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१५ साली अभिनेत्री दीपिका पदुकोण यांनीही आपल्याला नैराश्य आले होते, असे जाहीरपणे सांगितले. यश, पैसा, नाव असलेल्या माणसालाही हा आजार होतो, हे त्यामुळे लोकांना समजले.

मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. ती भाषेची आहे. पूर्वी लोक सरळ 'वेडा' म्हणत. पुढे 'मनोरुग्ण' हा शब्द आला. मराठीतील स्वमदत गटांत आता आजारी व्यक्तीला 'शुभार्थी' आणि तिची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शुभार्थी म्हणजे ज्याला आपले भले व्हावे असे वाटते तो. शुभंकर म्हणजे भले करणारा. शब्द बदलला, की पाहण्याची नजरही बदलते. मराठीत आपण 'मन मोकळे करणे' म्हणतो. उर्दूत 'दिल हल्का करना' म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच अनुभव सांगितला आहे : मनातले ओझे बोलल्याने उतरते.

मात्र मन मोकळे करणे म्हणजे सर्वांना सर्व काही सांगणे नव्हे. कोणाला, किती आणि केव्हा सांगायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. २०१७ साली आपल्या देशात मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. सरकारी सेवेत मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क मानला आहे. आजाराची माहिती गुप्त राहणे हाही रुग्णाचा हक्क आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी भारत सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही बोलता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. हाच क्रमांक मी त्या मुलाच्या अब्बांना लिहून दिला होता.

शेवटी मी विचारले, "आपला मित्र उदास दिसला, तर आपण काय करावे?" मुलांनीच उत्तरे दिली आणि मी ती फळ्यावर लिहिली : त्याच्याजवळ बसावे. तो बोलला, तर मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. "एवढ्यात काय झाले?" असे म्हणू नये. त्याची चेष्टा करू नये. त्याचे बोलणे गावभर करू नये. मी त्यात एक वाक्य जोडले : मित्र "मला जगावेसे वाटत नाही" असे म्हणाला, तर ते गुपित ठेवू नये, त्याला एकटे न सोडता त्याच क्षणी पालकांना किंवा शिक्षकांना सांगावे. मैत्रीत शब्द पाळावा, पण मित्राच्या जिवापुढे शब्द मोठा नाही.

त्याच आठवड्यात वर्गातील दोन मुले त्या आजारी मित्राच्या घरी गेली. त्यांनी आजाराचा विषय काढला नाही. नुसती वह्या घेऊन गेली, बसली, चहा प्यायली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे गेले. पुढच्या सोमवारी त्याचे अब्बा मला भेटले. म्हणाले, "सर, त्या क्रमांकावर बोललो. उद्या पुण्याला घेऊन जातो. मुलेच जर हसत नाहीत, तर मी कोणाला भिऊ?"

डिसेंबरमध्ये तो शाळेत परतला. तो पूर्वीसारखा झाला होता, असे मी म्हणणार नाही. औषध चालू होते. काही दिवस तो गप्पच बसे. पण आता शेवटच्या बाकावर तो एकटा नव्हता. तो खोडकर मुलगा आपले दप्तर उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसला होता. त्या मुलाच्या घरीही एक बदल झाला. भाईजान मुंबईला आहे, असे सांगणे त्यांनी बंद केले.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तो त्याला म्हणाला, "नानांची ती इंजिनाची गोष्ट पुन्हा सांग ना!"

तो सांगू लागला. मध्येच त्याचा गळा दाटून आला. तो थांबला. मुलेही थांबली. कोणी घाई केली नाही. त्याने पाणी प्यायले आणि गोष्ट पूर्ण केली, "नाना म्हणायचे, बंद नाही पडली. दिशा बदलते आहे. जरा धीर धरा."

शब्दार्थ

हिणवणे – कमी लेखून चिडवणे
बोभाटा – गवगवा, सगळीकडे चर्चा
शिक्का बसणे – कायमचे वाईट नाव होणे
हकिकत – घडलेली गोष्ट
नैराश्य – मनाची खोल उदासी
आनुवंशिक – पिढ्यान्पिढ्या चालत आलेले
ग्रासलेला – पूर्णपणे वेढलेला
गळा दाटून येणे – दुःखाने बोलता न येणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नवा मुलगा कोणत्या गावाहून शिरूरला आला होता?
(आ) जागतिक मानसिक आरोग्य दिन केव्हा पाळतात?
(इ) 'देवराई' चित्रपटाचे दिग्दर्शन कोणी केले?
(ई) 'शुभंकर' म्हणजे कोण?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नाना गेल्यानंतर त्या मुलाच्या वागण्यात कोणते बदल झाले?
(आ) मुलाच्या अब्बांना डॉक्टरांकडे जाण्याची भीती का वाटत होती?
(इ) दुःख आणि मनाचा आजार यांत कोणता फरक आहे?

प्रश्न ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "सर, तुमच्याशी खोटे कशाला बोलू?"
(आ) "सर, माझ्या भाईजानला असा आजार आहे."
(इ) "दुवेबरोबर दवाही हवी."

प्रश्न ४. वाक्यांत उपयोग करा.
मन मोकळे करणे, मान खाली घालणे, धीर धरणे, विश्वास ठेवणे

प्रश्न ५. पुढील मराठी शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा उर्दूतील अर्थ सांगा व प्रत्येकाचे एक मराठी वाक्य करा.
दवाखाना, हकिकत, हजार, जरूर

प्रश्न ६. विचार करा आणि लिहा.
शिक्षकांनी स्वतःचा हात वर केला नसता, तर वर्गात काय घडले असते?

उपक्रम : आपल्या वर्गातील मुले कोणाला चिडवताना कोणते शब्द वापरतात, याची यादी करा. त्यांपैकी कोणते शब्द आजारी माणसाला दुखावतील, याची शिक्षकांबरोबर चर्चा करा. १४४१६ हा क्रमांक सुंदर अक्षरांत लिहून शाळेच्या सूचना फलकावर लावा.